गटातली माणसे, तोडीची पाळी आणि आपण

ऊस विकास खात्याचा माणूस लिहायला बसला म्हणजे बेणे बदला, माती तपासून घ्या, पाचट जाळू नका, असेच काहीतरी सांगणार, ही सभासद बंधू-भगिनींना सवय झालेली आहे. या पानावर आम्ही आजवर तेच लिहीत आलो आणि पुढेही लिहिणार आहोत, कारण ते पुन:पुन्हा सांगावेच लागते. परंतु या खेपेला विषय जरा निराळा घेतला आहे. ऊस पिकवणे हे एक काम झाले. तो पिकलेला ऊस ज्या माणसांच्या हातून तुटतो, भरला जातो आणि गव्हाणीत पडतो, त्या माणसांकडून काम करून घेणे हे दुसरे. आम्ही शेतकी पदविका घेतली तेव्हा अभ्यासात जमिनीचे प्रकार होते, किडी होत्या, खतांच्या मात्रा होत्या. चिडलेल्या सभासदापुढे बांधावर उभे राहून काय बोलावे, याचा धडा मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता. तो धडा गटातच मिळतो आणि बहुतेकांना उशिरा मिळतो.

आधी थोडा हिशेब करू. समजा एखादा कारखाना दररोज २,५०० टन गाळप करतो. म्हणजे तासाला शंभर टनांच्या वर ऊस लागतो, आणि तो रात्री दोन वाजताही लागतो. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाकाठी साधारण दीड ते दोन टन ऊस तोडतो, साळतो, मोळ्या बांधतो आणि वाहनात भरतो. सगळी तोड हाताने करायची म्हटली तर रोज साडेबाराशे ते साडेसोळाशे कोयते फडात पाहिजेत. त्यांच्यावर मुकादम, मग ट्रक-ट्रॅक्टरवाले, बैलगाडीवाले, टोळ्या लावणारे चिटबॉय आणि गटाचे शेती मदतनीस. अलीकडे तोडणी यंत्रे आली आहेत, परंतु लहान तुकडे, पडलेला ऊस आणि अरुंद वाटा असल्या ठिकाणी अजून कोयताच चालतो. शिवाय तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे. उशीर झाला की वजनही घटते आणि साखरही. वरच्या हिशेबातल्या कारखान्याचा उतारा नुसता ०.१ टक्क्याने घसरला, तरी रोजची २५ क्विंटल साखर गेली. आता हे सगळे ज्याच्या शब्दावर हलते तो कोण? पंचवीस-सव्वीस वर्षांचा, मोटारसायकलवर फिरणारा चिटबॉय! पुढारपण म्हटले की आपल्याला स्टेज, हार आणि माईक आठवतो. आमच्या मते कारखान्यातले निम्मे पुढारपण या पोराच्या अंगावर आहे, आणि ते कसे करायचे हे त्याला बहुधा कुणी सांगितलेले नसते.

एका गटातली हकीगत सांगतो. गाव सांगत नाही, कारण ज्यांची हकीगत आहे ते सभासद हा अंक वाचतात. दोन एकर आडसाली ऊस, जात ८६०३२, लागण जुलैतली, नोंद वेळेवर. परतीच्या पावसात वारे सुटले आणि निम्मा ऊस लोळला. हंगाम सुरू झाला तेव्हा त्यांची पाळी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येत होती. ती आली आणि गेली. चौकशी केली की गटातून उत्तर मिळे, "उद्या बघतो." दुसऱ्या दिवशी फोन लावला तरी तेच. असे बारा-तेरा दिवस झाले. मग एका सकाळी दूध घालायला गेले असताना डेअरीवर त्यांना कळले, की तीन आठवडे मागाहून लागण असलेल्या शेजाऱ्याच्या फडात टोळी उतरली आहे.

यात वशिला नव्हता, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. कालव्याचे पाणी पाझरून त्यांच्या फडाकडे जाणारी वाट चिखलात गेली होती. भरलेला ट्रॅक्टर तिथे रुतला असता. शेजाऱ्याचा फड डांबरी रस्त्याला लागून, म्हणून टोळी तिकडे वळवली. निर्णय योग्यच होता. मात्र हे कारण त्यांना एकाही माणसाने जाऊन सांगितले नाही. त्याच रात्री फडाला आग लागली. कशी लागली, कुणी लावली, ती चौकशी इथे करायची नाही. जळीत ऊस थांबत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या फडातली टोळी अर्धवट काम टाकून तिकडे न्यावी लागली. वाट दुरुस्त करायला चार ट्रॉल्या मुरूम पडला. तो दहा दिवस आधी पडला असता तर बाकीचे काही घडलेच नसते. वजन घटले, नियमाप्रमाणे जळिताची कपात झाली, पाचट जळून गेले ते वेगळेच. दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झाले ते पुढचा सगळा हंगाम.

उशीर माणूस सोसतो. शेतकरी तर पावसाची वाट बघण्यातच जन्म घालवतो. त्याला सोसत नाही ते हे, की आपल्या उसाची गोष्ट आपल्याला डेअरीवर तिसऱ्याच्या तोंडून कळावी. पाळी कुणाला द्यायची याचे नियम सगळीकडे ठरलेले असतात. लागणीची तारीख, जात, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा क्रम असतो. भांडण नियमापाशी क्वचितच होते. नियम मोडावा लागतो त्या दिवशी ते होते. आणि तो मोडावा तर लागतोच. कुठे जळीत निघते, कुठे वाट बंद होते, कुठे एखादी टोळीच रात्रीतून पळून जाते. अशा वेळी आमच्या खात्यातल्या नव्या मुलांना आम्ही एकच सांगतो. ज्याची पाळी पुढे आली त्याच्याकडे नंतर जा. ज्याची मागे गेली त्याच्या दारात आधी जा. टोळी हलण्यापूर्वी जा, आणि स्वत: जा.

असे करणारा एक चिटबॉय आमच्या पाहण्यात आहे. शिक्षण बारावी, बोलायला तसा भिडस्त. पाळी पुढे ढकलायची असली की हा सकाळी सातलाच त्या सभासदाच्या गोठ्यात हजर. "आबा, तुमची तोड मंगळवारी धरली हुती, ती शनवारवर गेली. पुलाच्या अंगाला जळीत झालंय, टोळी तिकडं चाललीया. म्या आदी तुमालाच सांगायला आलो." आबा काय ऐकतात? पाव तास शिव्या. पोरगा खाली मान घालून उभा. शिव्या संपल्या की नोंदीचे कागद उघडून दाखवतो, शनिवारी कुठली टोळी, मुकादम कोण, गाडी कुठली. शेवटी घरातून हाक येते, "च्या घिऊन जा रं." आम्ही त्याला विचारले, एवढे ऐकून घेतोस, राग येत नाही का? म्हणाला, "साहेब, आज गोठ्यात ऐकलं नाय तर उद्या चावडीत ऐकायला लागतंय. तितं लोक जास्त आसत्यात."

त्याची आणखी एक सवय घेण्यासारखी आहे. तो "उद्या" हा शब्द वापरतच नाही. तारीख ठाऊक असेल तर तारीख सांगतो. ठाऊक नसेल तर म्हणतो, "रविवारी सांजच्याला येऊन सांगतो," आणि रविवारी संध्याकाळी सांगण्यासारखे काहीही नसले तरी जातो. "आजून नक्की न्हाई, बुधवारी येतो," एवढेच सांगून परत फिरतो. वरवर पाहता ही फुकटची चक्कर. परंतु त्याच्या गटात आज चार हंगाम झाले, तोडीवरून शेती ऑफिसवर मोर्चा आलेला नाही.

आता मोबाईलवर तोडीचा निरोप जातो, व्हॉट्सअॅपवर गटाचे ग्रुप आहेत, नोंदी अॅपवर होतात. चांगली सोय झाली. पूर्वी एका निरोपासाठी दहा मैल सायकल मारावी लागे. तरीपण पाळी आल्याचा निरोप मोबाईलवर द्यावा आणि गेल्याचा निरोप पायाने न्यावा, असे आमचे मत आहे. ग्रुपवर टाकलेली वाईट बातमी त्या एका सभासदाच्या आधी साऱ्या गावाने वाचलेली असते, त्याखाली हसण्याची चित्रेही येऊन पडलेली असतात.

आता वरच्यांविषयी, म्हणजे आमच्यासारख्यांविषयी. चिटबॉयने क्रमाने टोळी लावली आणि दुपारी वरून फोन आला, "अमक्याचा ऊस आज घ्या." फोन कुठून येतात हे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर इथे लिहून शाई कशाला घालवावी! प्रश्न फोन घेणाऱ्याने काय करायचे हा आहे. त्याने पोराला डावलून मुकादमाला परस्पर हुकूम दिला, की त्या दिवसापासून त्या गटात पोराच्या शब्दाला किंमत उरत नाही. मुकादम त्याला विचारत नाही, गाडीवान त्याला मानत नाही, सभासद त्याच्या डोक्यावरून थेट साहेबाला फोन लावतो. मग साहेब तक्रार करतात की फोनमुळे जेवायला वेळ मिळत नाही! आमची रीत अशी: "गटाला विचारून पाच मिनिटांत कळवतो," एवढेच बोलायचे आणि खरोखरच विचारायचे. पोरगा म्हणाला की बसत नाही, तर फोन करणाऱ्याला ते आपल्या तोंडाने कळवायचे. "पोरगा ऐकत नाही," असे म्हणायचे नाही. "आम्ही ठरवले आहे," असे म्हणायचे. शिवी आली तर ती आपण खायची, पगार त्याच्याहून जास्त आहे तो कशासाठी? खरे कारण असेल, घरात मयत असेल, शेतकरी दवाखान्यात असेल, तर पोरगाच वाट काढतो. गावची अडचण त्याला आपल्याआधी कळलेली असते.

बोलणे खावे लागण्याचे प्रसंग त्याच्यावरही येतात. चुकीच्या फडाची चिठ्ठी फाटली, गाडी रिकामी परत गेली, तर बोलावेच लागते. पण ते गट ऑफिसात, दार लावून. सभासदांच्या देखत साहेबाने झाडलेला कर्मचारी दुसऱ्या दिवशी त्याच सभासदांपुढे कोणत्या तोंडाने उभा राहील? उलट काम चांगले झाले असेल तर ते सोमवारच्या बैठकीत, मुकादम आणि गाडीवान बसलेले असताना, नाव घेऊन सांगावे. त्याला खर्च काही येत नाही. तरी काही साहेब लोक कौतुकाचा शब्द युरियाच्या गोणीसारखा जपून ठेवतात.

बैठकीचा विषय निघाला म्हणून सांगतो. पुष्कळ ठिकाणी बैठक म्हणजे साहेबांचे भाषण. ते अर्धा तास बोलतात, बाकीचे माना हलवतात. आम्ही उलटे करून पाहिले. आधी गाडीवान, मग मुकादम, मग चिटबॉय, सर्वांत शेवटी आम्ही. पहिल्या दोन बैठकांत कुणी तोंड उघडले नाही. तिसरीला एक ट्रॅक्टरवाला बोलला, की अमक्या ओढ्यावरची मोरी खचली आहे, दोन ट्रॉल्यांची जोडी तिथून नेऊ नये. त्या वाटेवरच्या आठ फडांचा कार्यक्रम आम्ही त्याच आठवड्यात लावणार होतो. साहेब आधी बोलले असते तर तो गप्प बसून राहिला असता, आणि मोरी आम्हाला ट्रॉली उलटल्यावर समजली असती.

मुकादम आणि टोळी हा प्रकरणातला अवघड भाग. बीड, आष्टी, पाथर्डी, जत अशा भागांतून ही माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, सहा महिने पालात-कोपीत राहतात. उचल घेऊन न येणारे मुकादम आहेत, वाहनमालकांना त्यांनी लाखो रुपयांना बुडवले आहे, हे खरे. त्यावर कायदेशीर इलाज व्हावेत. परंतु जे आले आहेत त्यांच्याशी आपण कसे वागतो, याचाही विचार करावा. फडात टोळी उतरली की आपले काही सभासद बांधावर छत्री घेऊन उभे राहतात आणि सकाळपासून ओरडतात, "बुडख्यातून तोड, बुडख्यातून!" सांगणे बरोबर आहे. उसाच्या खालच्या कांड्यांत साखर जास्त असते आणि जमिनीलगत तोडला तर खोडवाही चांगला फुटतो. मात्र हे पहिली सरी सुरू होण्यापूर्वी मुकादमाला घेऊन, दोन ऊस तोडून दाखवून सांगावे. ओरडा तासभर लक्षात राहतो, दाखवलेले दिवसभर.

एका सभासदांनी आपल्या विहिरीवर टोळीसाठी नळाची तोटी बसवली, कोपीपर्यंत विजेचा एक दिवा नेला आणि टोळीतल्या बायांना घरचा संडास वापरू दिला. घरच्यांनी प्रथम नाक मुरडले. परंतु या बाया पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापतात, दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीने तोडतात, डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढतात, त्यांना फडातल्या आडोशाशिवाय जागा नसते. एक दिवस आजारी पडले तर खाडा कापला जातो, म्हणून दुखणे अंगावर काढतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात उभा राहिला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. खाड्याचा व्यवहार मुकादम आणि मजुराचा आहे, आपला काय संबंध, असे गटातला माणूस म्हणू शकतो. आम्हाला ते पटत नाही. बाई तापाने फणफणली असेल तर मुकादमाला बाजूला घेऊन, "भाऊ, आज तिचा खाडा धरू नका," एवढा शब्द टाकायला कुणाची मंजुरी लागत नाही. मुकादम ऐकेलच असे नाही. काही वेळा ऐकतो.

खुशालीचे मात्र ठणकावून सांगावे लागेल. फडात उतरायला एकरी इतके, गाडी भरायला इतके, चालकाची एंट्री इतकी, अशी मागणी होते आणि पाळी हुकेल या भीतीने सभासद देतो. एकाने दिले की दुसऱ्याला द्यावेच लागते. इथेही चिटबॉयच कळीचा. त्याने एकदा डोळेझाक केली किंवा स्वत:चा हात पुढे केला, की तिथून पुढे त्याचा नियम कुणी मानत नाही. सभासदांनी अशी मागणी झाल्यास टोळी फडात असतानाच गट ऑफिसला कळवावे. बिल जमा झाल्यावर केलेली तक्रार शाबीत करणे अवघड जाते.

आता सहकाराचा एक जुना दाखला. लोणीच्या प्रवरा कारखान्याची नोंदणी १९४८ ची आणि पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. शेतकऱ्यांच्या बैठका घेत, गावोगाव फिरून भाग भांडवल गोळा करण्यात विठ्ठलराव विखे पाटील पुढे होते. शाळा फारशी शिकलेले नव्हते. अशा माणसाला लोकांनी आनंदाने अध्यक्ष केले असते. परंतु पहिले अध्यक्ष झाले ते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष राहिले. सरकार, बँका, हिशेब या गोष्टींसाठी कोण लागतो आणि बांधावर कोण लागतो, हे त्यांना उमगले होते. आपल्याहून जाणत्या माणसाला खुर्ची देऊन आपण राबत राहणे हे आपल्या गटात, सोसायटीत, पाणीवाटप संस्थेत किती जणांना जमते, ते सभासदांनीच पाहावे.

घरच्या शेतावरही हेच लागू आहे. खुरपणीला बाया मिळत नाहीत ही ओरड सगळीकडे आहे. पण त्याच गावात काही घरे अशी असतात की त्यांना बाया कमी पडत नाहीत. तिथे मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी न मागता हातात पडते, आणि हाक "मावशी", "ताई" अशी असते. दरात फारसा फरक नसतो.

येत्या गटसभांत नोंदीच्या याद्या वाचून दाखवल्या जातील आणि त्या गट ऑफिसच्या फलकावर लागतील. सभासदांनी आपले नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागण की खोडवा आणि लागणीची तारीख, एवढ्या गोष्टी स्वत: पाहून घ्याव्यात. चूक असेल तर चिटबॉयला फडावर नेऊन दाखवावी आणि दुरुस्तीची सही घ्यावी. फडाकडे जाणारी वाट खराब असेल तर तेही त्याच वेळी लिहून द्यावे, म्हणजे मुरमाची सोय मोळी टाकण्यापूर्वी करता येईल. ज्यांचा ऊस लोळला आहे त्यांनी तसे वेगळे सांगावे.